31 जानेवारी : ब्रिजिडचे क्रॉस विणायला जमण्याबाबत

नमस्कार मंडळी,

31 जानेवारीला संध्याकाळी 6 वाजता नेहमीच्या सभागृहात लव्हाळ्यांपासून ब्रिजिडचे क्रॉस विणायला जमायचं आहे. ब्रिजिड म्हणजे आयर्लंडमध्ये देवी आणि संत अशा दोन्ही रूपांत मानली जाणारी. दुसऱ्या दिवशी इम्बोल्क, आयर्लंडच्या जुन्या परंपरेत वसंताची सुरुवात. थंडी ओसरलेली नसते, पण मेंढ्या व्यायला लागतात, घरात पुन्हा दूधदुभतं येतं. सणाचं मूळ तिथेच आहे.

लव्हाळी आणणाऱ्यांना विनंती : ती कापू नका, हाताने उपटा. जुनी रीत तशी आहे आणि ती पाळावी असं मला मनापासून वाटतं. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, वाळली की दुमडताना तुटतात. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्यावर दुमडायची, पाव वळण देऊन पुढची घ्यायची, शेवटी चारही टोकं बांधायची. हा क्रॉस दारावर किंवा आढ्याला लावतात, आगीपासून घर राखावं म्हणून.

प्रत्येकाने एक सुती रुमालही आणा. तो त्या रात्री घराबाहेर ठेवायचा. जाता जाता ब्रिजिड त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा. डोकेदुखीला, बाळंतपणात तो उपयोगी म्हणून जपून ठेवत.

ब्रिजिड देवी की आयर्लंडमधल्या किल्डेअरची संत, हा वाद मागच्या वेळी रंगला होता. दोघी वेगळ्या काढण्याचा हट्ट नको, पण जुन्या आयरिश ग्रंथांत ती कवींची देवी आहे, हे विसरू नये. 2023 पासून आयर्लंडमध्ये तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही असते.

मुलांना जरूर आणा. दोरा-कात्री मंडळाकडे आहे. येणाऱ्यांनी 28 तारखेपर्यंत कळवावं, म्हणजे लव्हाळी पुरेशी आणता येतील.