सिरिंज पंप हवे आहेत. बंद पडलेलेही चालतील

सिरिंजचा दट्ट्या मोटरने हळूहळू ढकलून ठरलेल्या वेगाने शिरेत औषध देणारे यंत्र म्हणजे सिरिंज पंप. आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून छोट्या रुग्णालयांना असे पंप विनामूल्य वापरायला दिले जातात. मागणी मोठी आहे आणि पंप अपुरे आहेत, म्हणून हे आवाहन.

ताशी ८० मि.ली. सलाईन थेंब मोजून देता येते. रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रिनॅलिन ताशी ३ मि.ली. द्यायचे असेल तर ते जमत नाही. मायक्रोड्रिपचे (बारीक थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या नळीचे) ६० थेंब म्हणजे १ मि.ली., म्हणजे मिनिटाला फक्त तीन थेंब. रुग्णाने हात हलवला किंवा नळीवरच्या चाकाची पकड जरा सैल झाली की तिनाचे पाच होतात आणि रक्तदाब चढतो. धार तुटली तर औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. अशा रुग्णाजवळ सिस्टरने थेंब मोजत बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अडगळीत पडलेला पंप टाकाऊच असतो असे नाही. वीज असेपर्यंत चालतो आणि वीज गेली की लगेच बंद पडतो, अशी तक्रार असेल तर बहुधा बॅटरी संपलेली असते. पंप महिनोन्महिने चार्ज न करता ठेवला की असे होते. बॅटरी बदलली की तो पुन्हा कामाला येतो. असे पंप जरूर द्या.

एक गोष्ट मात्र लपवू नका. कधी कधी पंपाचा, दट्ट्याचे टोक धरणारा चिमटा तुटलेला असतो आणि तिथे चिकटपट्टी लावून पंप चालवलेला असतो. हे फार धोक्याचे आहे. दट्ट्या मोकळा राहिला आणि पंप रुग्णापेक्षा उंचावर असला, तर मोटर थांबलेली असतानाही औषध आपोआप ओढले जाऊन सगळी सिरिंज रिकामी होऊ शकते. चिमटा तुटला असेल तर पंपावर तसे लिहून द्या. आम्ही तो सुट्या भागांसाठी वापरू.

चालू पंप देण्याआधी शक्य असल्यास एक चाचणी करा. ५० मि.ली.च्या सिरिंजमध्ये पाणी भरा, हवा काढा, नळीच्या टोकाशी थेंब येईपर्यंत पंपाचे पर्ज बटण (नळी भरून घेण्याचे) दाबा. ताशी २० मि.ली. वेग लावून तासभर पाणी अरुंद तोंडाच्या बाटलीत जमवा आणि वजन करा. १९.४ ते २०.६ ग्रॅम भरले तर ठीक. फरक जास्त आला तर आधी मेनूत निवडलेली सिरिंजची कंपनी तपासा. पंपाला मि.ली. कळत नाहीत, दट्ट्या किती सरकला एवढेच कळते. सिरिंजचा आतला व्यास २८ ऐवजी २९ मि.मी. असला तर औषध सुमारे ७ टक्के जास्त जाते. म्हणून पंपासोबत त्याच्या मेनूत कोणत्या कंपन्यांच्या सिरिंज आहेत हेही कळवा. त्याच सिरिंज दान मिळाल्या तर फारच बरे, फक्त लुअर लॉकच्या (नळी पिळून घट्ट बसवता येते अशा) असाव्यात.

याशिवाय हवे आहे: पंपांच्या मूळ पॉवर कॉर्ड, खांबाला अडकवायचे क्लॅम्प, कमी दाबाच्या एक्स्टेन्शन लाइन (सिरिंजपासून रुग्णापर्यंतच्या नळ्या), वापराची पुस्तिका (झेरॉक्सही चालेल). बायोमेडिकल (वैद्यकीय उपकरणांच्या) तंत्रज्ञांनी महिन्यातून एक दुपार दिली तर मोठी मदत होईल. नळी तुंबल्याचा अलार्म तपासणे हे त्यातले मुख्य काम. ताशी १ मि.ली. वेगाला हा अलार्म वाजायला अर्धा तासही लागू शकतो, आणि अडथळा सुटताना साठलेले औषध एकदम आत जाते. म्हणून दाबाची मर्यादा प्रत्येक पंपावर मोजावीच लागते.

पंप ओलसर फडक्याने पुसून द्या, त्यावर थेट फवारणी करू नका. सरकत्या स्क्रूवर ग्लुकोज वाळून चिकटले असेल तर खरवडू नका, ते आम्ही काढू. वापरलेली सिरिंज किंवा नळी पंपाला तशीच लावून पाठवू नका. पंप केंद्रावर कामाच्या वेळेत आणून द्यावा. आणणे शक्य नसेल तर निरोप द्या, आमचे कार्यकर्ते येऊन नेतील.