नशीब आहे, जुगार नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘फँटसी खेळ म्हणजे शुद्ध नशिबाचा जुगार, सगळेच बंद करा’ असे एका पालकांचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. मी लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर हिशेब लिहितो. दिवसभर सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या, आणि रात्री आम्हा दहा कॉलेजमित्रांच्या फँटसी प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलवर चालणाऱ्या फँटसी खेळाची, वही. 38 पैकी 19 फेऱ्या संपल्या, अर्धा हंगाम झाला. पालकांच्या वाक्यातले ‘नशीब’ मला मान्य आहे. ते मी आकड्यांनिशी दाखवतो. ‘जुगार’ मान्य नाही.

आधी खेळ. इंग्लंडच्या 20 फुटबॉल क्लबांतून 15 खेळाडू घ्यायचे, एका क्लबातले तीनपेक्षा जास्त नाहीत. ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. आघाडीवाल्याच्या गोलला 4 गुण, मधल्या फळीतल्याला 5, बचावपटूला 6. कप्तानाचे दुप्पट. हक्काच्या बदल्या संपल्यावर आणखी खेळाडू बदलला की दर बदलीमागे 4 गुण वजा. यार्डात मालाच्या वजनातून कापतात त्याला कडता म्हणतात, त्या सवयीने आम्ही यालाही ‘कडता’ म्हणतो. आमच्यातल्या वकिलाचा कडता इतका वाढला, की त्याच्यासाठी वेगळा रकाना पाडावा लागला.

आमची लीग समोरासमोरची आहे. दर फेरीत जोड्या लागतात, जास्त गुण करणाऱ्याला विजयाचे 3, बरोबरी झाली तर एकेक. गडबड इथेच होते. एका फेरीत निलंग्याच्या मास्तरांचे 84 गुण झाले, दहा जणांत दुसरे. पण समोर नेमका वकील 91 घेऊन बसलेला. मास्तर हरले. त्याच फेरीत औसा रोडचा पंपवाला 38 गुणांवर जिंकला, कारण समोरच्याचे 35. आज एकूण गुणांत मास्तर पहिले आणि तक्त्यात सहावे. पंपवाला एकूण गुणांत सातवा आणि तक्त्यात पहिला! समोरच्यांनी आपल्याविरुद्ध किती गुण केले तेही मी मांडून पाहिले. त्यातही मास्तरच पहिले. ‘माझ्यासमोर आलं की सगळ्यांच्या अंगात येतं का रे?’ हा त्यांचा दर रविवारचा सवाल. खऱ्या मैदानावर समोरच्याला अडवता तरी येते, इथे नुसते बघत बसायचे.

म्हणून मी कागदावर दर फेरीत प्रत्येकाला बाकीच्या नऊही जणांशी लढवले. 84 गुणांचे मास्तर त्या फेरीत आठ जणांना हरवतात, एकाकडून हरतात. पंपवाला एकाला हरवतो, आठांकडून हरतो. असा अख्खा अर्धा हंगाम मोजला तर मास्तर वर जातात आणि पंपवाला खाली येतो. (लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली माणसं आम्ही, गुणांची फेरतपासणी केल्याशिवाय झोप लागत नाही.)

पण सगळेच नशीब नाही. आमच्यातल्या बहुतेकांचा कप्तान मँचेस्टर सिटीचा आघाडीवाला हालांड. 2022-23 च्या हंगामात 36 गोल करणाऱ्याला सोडायची हिंमत कुणाची? मात्र सगळ्यांकडे तोच असला, की त्याच्या गोलाने तक्ता हलत नाही. फरक पाडतात ते स्वस्तातले बचावपटू. 2025-26 पासून बचावपटूने एका सामन्यात टॅकल (चेंडू हिसकावणे), क्लिअरन्स (चेंडू दूर मारणे), अडवलेले फटके आणि मधेच पकडलेले पास मिळून दहाचा आकडा गाठला, की जादा 2 गुण मिळतात. मास्तरांनी हा नियम ऑगस्टातच वाचला आणि तसलेच खेळाडू धरले. उदगीरच्या डॉक्टरांनी मात्र 2024-25 मध्ये 344 गुण केलेला लिव्हरपूलचा सालाह 2025-26 साठी खेळातल्या लुटुपुटीच्या 14.5 दशलक्ष पौंडांना घेतला. ते अजून सावरलेले नाहीत.

आता जुगाराचे. कौशल्य की नशीब, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालला. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने तो बाजूला ठेवला. ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळला तर तो बंद. हे योग्यच झाले. आमच्या यार्डातल्या एका तरुण मापाड्याने अशाच एका ॲपवर पूर्ण उचल घालवली होती. त्याच्या बापाचा चेहरा मी पाहिला आहे, त्यामुळे पत्रलेखक पालकांचा राग मला कळतो. पण आमच्या लीगला प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा. पोरगा मोबाइलवर खेळाडू निवडताना दिसला तर आधी एवढेच विचारा: पैसे भरलेस का? ‘नाही’ म्हणाला तर शेजारी बसून संघ बघा.

राहिला मास्तरांचा अर्ज, की समोरासमोरचा तक्ता सोडून एकूण गुणांवर क्रम लावा. परवाच्या बैठकीत ठरले, की यंदाचा तक्ता आहे तसाच राहील आणि पुढच्या हंगामापासून एकूण गुण धरायचे. ठरावाला अनुमोदन पंपवाल्याने दिले.

आपला,
एक मुनीम, लातूर