संज्या, पंप उघडू नकोस, आधी एअर काढ

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायलाच बसलो. डिझेल संपून गाडी बंद पडली, नंतर डिझेल टाकलं तरी चालू होत नाही, आणि आता कुणीतरी म्हणतंय की डिझेलचा पंप गेला, उतरवावा लागेल. अरे थांब. काकांनी इतकी वर्षं जपलेली गाडी आहे, तिचा पंप असा घाईत कुणाच्या हातात देऊ नकोस. चांगली चालणारी गाडी नेमकी डिझेल संपल्यावरच अडली असेल तर बहुतेक वेळा तिने एअर धरलेला असतो, बाकी काही नाही.

होतं काय, की टाकी रिकामी झाली की पंप डिझेलऐवजी हवा ओढतो, आणि ती पाईपमध्ये, फिल्टरमध्ये, पार पंपाच्या आत जाऊन बसते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या गरम हवेत नोजलमधून डिझेलचा फवारा उडाला तरच ते पेटतं, आणि नोजल उघडायला जुन्या गाडीतसुद्धा शंभर बारच्या वर प्रेशर लागतं. डिझेल दाबलं जात नाही म्हणून प्रेशर तयार होतं, हवा मात्र दबते, सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की दट्ट्या कसा स्पंजासारखा लागतो तसं. पंप फिरतोय, पण नोजल उघडतच नाही.

म्हणून सेल्फ मारत बसू नकोस. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी उतरते, मग आणखी एक दुखणं. आणि सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं कर. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पेटत नाहीये, मग बॅटरी आणि हीटर प्लगकडे बघ, म्हणजे थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवतो तो. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाहीये, आणि मला वाटतं तुझं तेच असणार.

आता करायचं असं. आधी टाकीत किती टाकलंय बघ, एखादी बाटली पुरत नाही, निदान पाच-सात लिटर तरी हवं, आणि गाडी उतारावर असेल तर अजून जास्त, कारण डिझेल एका बाजूला जातं आणि ओढायच्या नळीचं तोंड कोरडं राहतं. मग फिल्टरवर किंवा पंपाच्या बाजूला हँडपंप असेल तो शोध, काहींना दाबायचं बटण असतं, काहींची मूठ आधी फिरवून सोडवावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू थोडा सैल कर, खाली फडकं धर आणि हँडपंप मारत राहा. सुरुवातीला फुसफुस होईल, मग फेस, मग फेसात मिसळलेलं डिझेल, इथेच लोक घाई करून स्क्रू आवळतात. एकही बुडबुडा नसलेली स्वच्छ धार येईपर्यंत थांब आणि हँडपंप चालू असतानाच आवळ. मग हेच पंपावरच्या स्क्रूला. टाकीकडून इंजिनाकडे असं सरकायचं, उलट नाही.

एवढ्यावरही नाही झाली तर नोजलच्या पाईपचे नट, बहुतेक सतराचा पाना लागेल, अर्धा-पाऊण आटा सैल करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग, डिझेल झिरपायला लागलं की एकेक आवळत जा. हात मात्र लांब ठेव, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, ते फार वाईट. आणि हे फक्त तुझ्यासारख्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीलाच, नव्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या गाडीत, हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे पाईपला हातही लावायचा नाही. काही जण एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारायला सांगतील, हीटर प्लगवाल्या गाडीत तो आतच भडकून पिस्टनचं नुकसान करू शकतो, कुणी आणला तर परत पाठव.

टाकी तळाला गेली म्हणजे तळातला गाळ आणि पाणीसुद्धा ओढलं गेलं असणार, म्हणून फिल्टर बदलूनच टाक, खाली पाणी काढायचा नळ असेल तर तोही उघडून बघ. आणि इंजिन बंद करायला ओढतात ती दोरी पूर्ण आत गेली आहे ना ते बघ, ती अर्धी अडकली तर पंप डिझेल सोडतच नाही आणि माणूस उगाच सगळं खोलत बसतो. दोरीऐवजी चावीने बंद होणारी असेल तर चावी ऑन केल्यावर पंपावर टक असा आवाज येतो का ऐक, नसेल तर आधी फ्यूज.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा चालू झाली आणि थोड्या वेळाने परत बंद पडली, तर एअर कुठून तरी आत येतोय. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपमध्ये ओढ असते, त्यामुळे तिथे फट पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. क्लॅम्पच्या कडेला जुना रबरी पाईप वाकवून बघ, बारीक चिरा दिसतील, आणि बोल्टखालचे तांब्याचे वॉशर पण बघ. पंपाआधी थोडासा पारदर्शक पाईप जोडलास तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

हे सगळं होईपर्यंत पंपाला पाना लावू देऊ नकोस, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. काकांनाही तसं सांग. धूर येतो का आणि फिल्टरमधून काय निघालं तेवढं आज कळव, मग पुढचं बघू.

तुझा,
पक्या