'टस्क' फसला म्हणणाऱ्यांनी आधी ड्रम ऐकावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'फ्लीटवूड मॅक' या इंग्रजी रॉक बँडवरचा लेख वाचला. 'रूमर्स' हा अल्बम एवढा गाजल्यावर 'टस्क' हा पुढचा अल्बम काढून या मंडळींनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असा त्याचा सूर आहे. मी ३१ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवला. इंग्रजी गाण्यातलं फारसं कळत नाही, ड्रममधलं कळतं.

त्या अल्बममधलं 'टस्क' याच नावाचं गाणं नातवाने मोबाईलवर लावलं. आधी लांब कुठेतरी कुणी ढोल बडवतंय असं वाटलं, आणि मग एकदम पितळी वाद्यांचा लोंढा अंगावर आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बँडची शंभरावर पोरं १९७९ साली लॉस एंजेलिसच्या रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये उभी करून हे रेकॉर्ड केलं म्हणे. कल्पना ड्रमर मिक फ्लीटवूडची. ती त्याला फ्रान्समधल्या एका गावचा ब्रास बँड ऐकून सुचली. त्यांचा बेसवाला जॉन मॅकव्ही तेव्हा गावाला गेला होता, म्हणून व्हिडिओत त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा घेऊन फिरले. मला हसूच आलं. आमच्याकडेही माणसं कमी पडली की न वाजवणाऱ्याला वर्दी चढवून रांगेत उभं करतात.

लेखात सगळा भर खपावर. 'रूमर्स' अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरावर होता, 'टस्क'ला ते जमलं नाही, कबूल. पण तो दोन तबकड्यांचा, २० गाण्यांचा महागडा संच होता, हेही लिहायला हवं होतं.

त्यांचा गिटारवाला आणि गायक लिंडसी बकिंगहॅम याला पुन्हा 'रूमर्स'च करायचा नव्हता. हे दुखणं बँडवाल्याला सांगावं लागत नाही. वरातीत एकदा नागीण वाजली की पुढे चौकाचौकात नागीण. १९८८च्या सुमारास आमच्या मास्तरांनी एका वरातीत क्लॅरनेटवर संथ नाट्यपद धरलं. नवरदेवाचे दोस्त ओरडायला लागले, "मास्तर, नागीण!" मास्तरांनी डोळे मिटले आणि पहिला अंतरा संपवूनच हात खाली घेतला. ठरलेल्या रकमेतले शंभर रुपये कापले गेले.

रात्री टेम्पोतून परतताना आम्ही सगळे गप्प होतो. मास्तरच म्हणाले, "पुढच्या वेळी दुसरा अंतराही घेऊ."

आपला,
एक निवृत्त बँडवाला, इचलकरंजी