नवीन शिक्षकांसाठी सूचना : शनिवारची बैठक

शिक्षक बंधू-भगिनींनो,

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, दुपारी ३ वाजता कोल्हापूरच्या दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात जमायचे आहे. यंदा रुजू झालेल्यांनी ‘मी कसं शिकवणार आणि पुढे मला काय करायचंय’ हे एका पानावर लिहून आणावे.

– बी.एड.च्या वहीतल्या व्याख्या नकोत. ऊसतोडीवरून परत आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प बसलंय. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी काय कराल, ते लिहा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं, ते अशाच पोरांसाठी.

– केंद्रप्रमुख व्हायचंय? मोकळेपणानं लिहा. कायम पहिलीलाच शिकवायचंय, तर तेही तितकंच मोलाचं.

ज्येष्ठांनी ऐकायला जरूर यावे. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.