555 रुपये भाड्याचा टप्पा आणि आजचा गाळा

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मालमत्ता कराचा विषय निघाला की सगळी चर्चा महापालिकेच्या सर्वसाधारण करावर होते आणि तिथेच विरते. आमचं गाऱ्हाणं ठाण्यातल्या बिलाच्या दुसऱ्या दोन ओळींचं आहे: राज्य शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. दोन्ही 1962 च्या उपकर अधिनियमातले, राज्याचे. पालिका ते फक्त वसूल करून सरकारकडे भरते. त्यामुळे प्रभाग समितीत कितीही खेटे घातले तरी तिथल्या लिपिकाला त्यातला एक रुपयाही कमी करता येत नाही.

जांभळी नाक्याजवळचा दहा बाय बाराचा गाळा घ्या. समजा, पालिकेने त्याचं भाडं महिना 3,000 रुपये धरलं. वर्षाचे 36,000 झाले, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य 32,400. त्यावर बिगरनिवासी म्हणून शिक्षण कर 12 टक्के, म्हणजे 3,888 रुपये, आणि रोजगार हमी कर 3 टक्के, म्हणजे 972. एकूण 4,860. तेवढ्याच करयोग्य मूल्याच्या घराला शिक्षण कर 6 टक्के, 1,944 रुपये. रोजगार हमी कर शून्य. म्हणजे अडीच पट. पालिकेचा स्वतःचा चढा व्यावसायिक दर वेगळाच.

दुकानाला घरापेक्षा जास्त कर असावा, यावर आमचा वाद नाही. वाद टप्प्यांवर आहे. हे दर करयोग्य मूल्याप्रमाणे चढत जातात: 75 रुपयांपासून सुरुवात, मग 150, 300, 3,000 आणि 6,000 च्या पुढे सगळ्यात वरचा दर. करयोग्य मूल्य 6,000 म्हणजे महिना साधारण 555 रुपये भाडं. ठाण्यात आज या भाड्यात गाळा सोडा, गाळ्याबाहेरचा ओटाही मिळणार नाही. टप्पे केले होते ते लहान-मोठ्यात फरक राहावा म्हणून. आता किल्ल्या बनवणारा आणि घोडबंदर रोडवरची मोठी शोरूम एकाच 12 टक्क्यांत बसतात. खालचे टप्पे कायद्यात आहेत, पण त्यांत बसणारा नवा गाळा उरलेला नाही.

रोजगार हमीबद्दल आदरच आहे. देशाला ही वाट महाराष्ट्राने दाखवली. पण जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर भरतो, तो करही 1975 साली याच योजनेसाठी आला. एकाच कामासाठी त्याच्याकडून दोनदा घेतलं जातं, आणि दुसऱ्यांदा धंदा किती झाला हे न बघता.

चूक होते ती मोजणीत. फेरआकारणीला टेप घेऊन आलेला माणूस पोटमाळा धरतो, कधी पत्र्याची शेडही. माल ठेवायच्या, वाकून चढायच्या जागेलाही खालच्या दुकानाचा दर लागला की करयोग्य मूल्य फुगतं आणि त्याबरोबर हे दोन्ही कर. करयोग्य मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस आली की तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. ती दिली नसेल तर पुढे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खालचं न्यायालयातलं अपीलही टिकत नाही. त्या अपिलाला 15 दिवसांची मुदत, शिवाय मागणीची रक्कम आधी भरायची. नोटीस बऱ्याचदा गाळामालकाच्या नावाने जाते आणि भाडेकरूला कळतं ते बिल हातात पडल्यावर. तोवर हरकतीची मुदत गेलेली असते. थकबाकीवर महिना 2 टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला 24 टक्के.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. आम्ही माफी मागत नाही. 6,000 चा वरचा टप्पा आजच्या भाड्यांशी जुळवून घ्या. दर बदलले नाहीत तरी चालेल, टप्पे सरकले की लहान गाळा आपोआप खाली येईल. 200 चौरस फुटांच्या आतल्या गाळ्यांना रोजगार हमी करातून वगळा. विशेष नोटिशीची एक प्रत गाळ्याच्या शटरलाही लावायला सांगा. आणि बिलावर पोटमाळ्याचं क्षेत्रफळ वेगळ्या ओळीत छापायला लावा, म्हणजे हरकत नेमकी कशावर घ्यायची ते दुकानदाराला कळेल.

आपले,
ठाण्यातील छोटे गाळेधारक आणि त्यांचे करसल्लागार