ज्या पोरीनं मला गोळ्या दिल्या नाहीत, तिला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथं घालत नाही. बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये काउंटरच्या डाव्या अंगाला बसतेस, एवढं पुरे. मी ब्लाऊज शिवणारी काकू. हे पत्र मी बोलतेय आणि माझी भाची मोबाइलवर टाइप करतेय. मधून मधून ती म्हणते, "मावशी, हे कशाला सांगतेस?" पण त्या दिवशी दुकानात मी तुला जे बोलले ते दहा जणांनी ऐकलं होतं. मग आभारही दहा जणांनी ऐकायला नकोत का?

२०२२ची दिवाळी उरकली आणि डाव्या कुशीत, ब्लाऊजची पट्टी येते बरोबर तिथं, आग व्हायला लागली. वाटलं, दिवाळीची शिलाई, वाकून वाकून उसण भरली असेल. तिसऱ्या दिवशी पाठीपासून छातीखालपर्यंत फोडांची माळ उठली. गल्लीतल्या बायकांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. मग गेरू लावला, एकाकडून उतरवून घेतली, आणि त्यात पाच दिवस गेले. पुढं डॉक्टरीणबाईंकडून कळलं की ही नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो इतकी वर्षं नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो, म्हणून माळ सहसा अंगाच्या एकाच बाजूला उठते. तोंड-शेपटाचं काही नसतं. विषाणूवरच्या गोळ्या मात्र फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर चांगल्या लागू पडतात. माझे ७२ तास गेरूत गेले. आपल्याकडे २०२३ पासून पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची नवी लस मिळते असंही नंतर कळलं. महाग आहे, आणि मला कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

फोड वाळले, खपल्या पडल्या, दुखणं काही गेलं नाही. जिचं पोट कापडावर चालतं तिला कापडच सोसेना. गळ्यातल्या टेपचं पत्र्याचं टोक कुशीला लागलं की करंट बसायचा. मी टेप गळ्यात अडकवणंच सोडलं, मशीनच्या खिळ्याला टांगायला लागले. रात्री जुनी मऊ साडी पांघरली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. वरून दिसत काही नव्हतं. सुनेनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं नाही. तिचं चुकलं असं म्हणत नाही, डाग गेला की लोकांच्या लेखी आजार गेला.

गावातल्या एका डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल (हे मॉर्फिनच्या जातीचं दुखणं मारणारं औषध) एकत्र असलेली गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. पहिल्या रात्री सलग सहा तास झोपले. पोरी, सहा तास! सकाळी उठून मी देवाला साखर ठेवली. दहा दिवस संपले तशी ती चिठ्ठी घेऊन मी परत दुकानात गेले, त्यांनी पाकीट दिलं. मग चिठ्ठीची झेरॉक्स काढली. मग झेरॉक्सही कुणी मागेनासं झालं.

रात्रीची एक होती, ती सकाळ-संध्याकाळ झाली. चारावर गेली, सहावर गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिवसाला आठ. म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, हा हिशेब पुढं तूच कागदावर मांडून दाखवलास. आणि आग? ती होतीच. गोळीनं थोडी विझायची, पण गोळीची वेळ टळली की आधीपेक्षा जास्त पेटायची. मी चार दुकानं धरली होती. एकात माझ्यासाठी, एकात नणंदेसाठी, एकात गुडघ्यासाठी. नणंद पुण्यात असते आणि तिला काहीही झालेलं नाही. गोळ्या मी हुकांच्या डबीत ठेवायचे, घरात कुणी त्या डबीला हात लावत नाही. बाकीच्या तिन्ही दुकानांत माझ्याशी फार गोड बोलायचे. "मावशी, किती पाकिटं देऊ?"

मग ऑगस्ट २०२३, तू.

तुझ्याकडे नेहमीचा मुलगा नव्हता, तू होतीस. चिठ्ठी उलटीपालटी केलीस आणि म्हणालीस, "काकू, ही आठ महिन्यांपूर्वीची आहे. याच्यावर नाही देता येणार." मी म्हटलं, आजवर मिळत होत्या. तू पाकिटावरची लाल चौकट दाखवलीस. ही औषधं ज्या यादीत आहेत त्या यादीतल्या औषधांची नोंद वेगळ्या वहीत करावी लागते, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, आणि वही तीन वर्षं जपावी लागते. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यातही आलंय. एवढं तू अगदी हळू आवाजात सांगत होतीस. मी मात्र 'अमली' एवढाच शब्द ऐकला. "मी काय गर्दुल्ली वाटले तुला? तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी या गावात शिवतेय!" असं म्हणून चिठ्ठी ओढून घेतली. ती फाटली. तुझ्या हातात तिचा कोपरा राहिला.

दुसऱ्या दुकानात मी हट्टानंच गेले नाही. नाही देत ना, मग घेतच नाही. डबीत दोन गोळ्या होत्या, त्या रात्री संपल्या. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. झोप येत नव्हती आणि जांभया थांबत नव्हत्या. नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोट बिघडलेलं. रात्री पाय असे वळवळत होते की मी उठून अंधारात मशीनवर बसले आणि नुसतंच पायडल मारत राहिले, सुईखाली कापड नव्हतं. मला वाटलं, ताप आलाय. नाहीतर नागीण उलटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझ्याच दुकानाशी आले. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक भांडायलाच आले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि काउंटरची फळी उचलून बाहेर आलीस. आतलं स्टूल आणलंस, पंख्याखाली ठेवलंस. "एकदम बंद केल्यात ना, काकू?" एवढंच विचारलंस. मी रडले. तू माझ्यासमोर त्या डॉक्टरांना फोन लावलास, सगळं सांगितलंस, त्यांनी मला बोलावून घेतलं, तपासलं, सात दिवसांची नवी चिठ्ठी दिली आणि जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या पेन क्लिनिकसाठी कागद दिला.

तू नुसतं नाही म्हणून गप्प बसली असतीस, तर हट्ट उतरल्यावर मी पाचवं दुकान शोधलं असतं. ते स्टूल नसतं तर हे पत्र नसतं, एवढं लिही गं, असं मी भाचीला दोनदा सांगितलंय.

दुखण्याचा दवाखाना वेगळा असतो आणि तिथं भूल देणारे डॉक्टर बसतात, हे मला साठीला कळलं. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा कुशीवरून फिरवला आणि मी ओरडले, त्यावरून त्यांना कळलं. जखम भरली तरी नस उगाच निरोप धाडत राहते, म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे माझ्या जुन्या मोटरसारखं, पायडलवरचा पाय काढला तरी सुई चालूच. त्या हसल्या, म्हणाल्या, बरोबर, वायरचं वरचं रबर गेलंय. तुला हे सांगितलं होतं मी, तेव्हा तूही हसली होतीस.

मला खरी भीती होती ती एकच गोष्ट विचारायची. मला मुक्तांगणला, व्यसनमुक्ती केंद्रात, जावं लागेल का? त्या म्हणाल्या, शरीराला औषधाची सवय लागणं आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिलीकडून दुसरीकडे जायला फार वेळ लागत नाही, आणि तुम्ही डबीत गोळ्या लपवत होतात. मी मान खाली घातली. अशा नसेच्या दुखण्यावर आधी गॅबापेंटिनसारखी औषधं द्यायची असतात, ट्रॅमाडॉलचा नंबर पुष्कळ नंतर लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. ते औषधही हळूहळू वाढवायचं आणि मनानं सोडायचं नाही. सुरुवातीला त्यानं मला इतकी गरगर झाली की एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उजव्याच शिवल्या.

आणि मग आपला हिशेब सुरू झाला, तुझा नि माझा. महिन्याला एक गोळी कमी. तू एका वेळी सात दिवसांच्याच द्यायचीस. कात्रीनं पाकीट कापायचीस, मोजायचीस, खाकी पुडीवर वार लिहायचीस. मी कात्रीवाली बाई, तुझी कात्री बोथट आहे हे पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी ती घरी नेऊन धार लावून आणली, आठवतं?

एकदा शेजारणीनं झोपेची गोळी दिली होती. मी सहज तुला सांगितलं तर तुझा चेहरा बदलला. ही गोळी आणि ट्रॅमाडॉल मिळून श्वास मंदावतो, झोपेतच काही झालं तर घरात कळणारही नाही, म्हणालीस. ती गोळी तू माझ्या पर्समधून काढून घेतलीस. इतकी दांडगाई माझ्या लेकीनंही केली नसती.

गौरी-गणपतीत मी घसरले. एका आठवड्यात बावीस ब्लाऊज होते आणि चार दिवस मी दोन-दोन गोळ्या जास्त घेतल्या. पुडी बुधवारीच संपली. तुझ्यासमोर उभी राहून खोटं काय बोलायचं याची मी रस्ताभर तयारी केली होती, आणि तू म्हणालीस, "किती जास्त झाल्या?" बस्स. लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावलास. त्यांनी सांगितलं, महिनाभर आहे तिथंच थांबा, खाली यायची घाई नको.

मिरचीच्या अर्काचा मलम मिळाला तेव्हा तू बजावलं होतंस, लावल्यावर हात साबणानं धुवा. मी धुतले, पण नखांत राहिला आणि तोच हात डोळ्याला लागला. लवंगी मिरची परवडली! पण दोन-तीन आठवडे चिकाटीनं लावल्यावर त्यानं खरंच फरक पडला.

एक गोष्ट मात्र उलटीही सांगते, कारण हे वाचून कुणी या औषधांना विषच म्हणायला लागेल. माझ्या दिरांना कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यांत त्यांना मॉर्फिन मिळालं म्हणून ते उठून बसून वरण-भात खाऊ शकले. तिथं ते हवंच होतं. डॉक्टर सुरुवातीला ते लिहून द्यायला कचरत होते, तेव्हा आम्ही भांडलो होतो.

२०२४च्या अक्षय्यतृतीयेच्या सकाळी मी ट्रॅमाडॉलची शेवटची गोळी घेतली. पुडीवर तू वार लिहिला नव्हतास, नुसतं एक फूल काढलं होतंस. वाईट काढलं होतंस, पण ती पुडी माझ्या टेपच्या खिळ्याला आहे.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पावसाळी हवेत कुशीत अजून चुणचुणतं, काही रात्री जाग येते. दहात आठ होतं ते तीनवर आलंय. टेप परत गळ्यात अडकवते. हुकांच्या डबीत आता हुक असतात.

तर आता असं कर. मंगळवारी तुमचं दुकान बंद असतं, त्या दिवशी ये. तुझं माप माझ्याकडे नाही, तो पांढरा कोट घालून असतेस त्यामुळं अंदाजही येत नाही. नीट बसणारा एक मापाचा ब्लाऊज घेऊन ये आणि कापड तू आणू नकोस, मी काढून ठेवलंय, खणाचं आहे. फक्त लग्नसराईच्या आत ये. एकदा का मुहूर्त सुरू झाले की माझ्याकडे महिन्याभराची तारीख असते, आणि रांग मोडून मी कुणाचंच शिवत नाही.

तुझी,
ब्लाऊजवाली काकू